साडेसोळा रुपयांचं इंग्रजी

"दांडी झुकवू नको! सीधा पकड! अंगूठा हटा, अंगूठा!"

गुलाबराव धांडे भर रस्त्यात उभे राहून रद्दीवाल्यावर ओरडत होते. रस्ता आमचा, भिलाईच्या सेक्टर सातमधला. पण गुलाबरावांचा आवाज असा की तिकडे दुर्ग स्टेशनावर हमालांनी दचकून डोक्यावरच्या ट्रंका खाली ठेवल्या असणार. रद्दीवाल्याच्या तराजूच्या एका पारड्यात लोखंडी वजनं होती आणि दुसऱ्यात कुंदाचं बी. ए. होतं. म्हणजे तीन वर्षांची इंग्रजी साहित्याची सगळी पुस्तकं. नाटकं खाली, कविता वर, आणि सगळ्याला मिळून सुतळी.

"बाबा, ये मेरी किताबें हैं!" कुंदा, त्यांची एकुलती एक मुलगी, फाटकातून ओरडत होती. आवाज तिनं बापाचाच घेतला होता. "रद्दी नाही आहे ती!"

"विकून कोण राहिलं वो? भाव पाहून राहिलो फक्त!"

"अकरा किलो," रद्दीवाला म्हणाला.

"सुतळी सोड. सुतळीचं वजन कापा लागते."

सुतळी सोडली. तरी अकराच भरले. दीड रुपया किलोनं साडेसोळा. गुलाबरावांनी कानावरची पेन्सिल काढून आकडा तळहातावर लिहिला आणि पुस्तकं उचलायला वाकले. रद्दीवाल्याचा तोल गेला तो इथं. "बेचना हे त बेचव बाबूजी," तो हात जोडून, जाऊ देण्याची विनवणी करत म्हणाला, "नइ त मोला जान दव." तो गेला, आणि पुढचे तीन महिने आमच्या रस्त्याला वळसा घालून नाल्यातून सायकल काढत राहिला. पावसाळ्यातसुद्धा.

गुलाबराव मात्र खुशीत होते. मला पाहून तळहात पुढं केला. "मधू, हा झाला तळचा भाव. यापेक्षा खाली इंग्रजी जाऊ शकत नाही. आता वरचा भाव काढा लागते."

हे गृहस्थ प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, काट्यावर होते. काटा म्हणजे ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा. ट्रक आधी रिकामा उभा करायचा, ते वजन म्हणजे टेअर. मग भरून आणायचा, ते ग्रॉस. ग्रॉसमधून टेअर वजा केलं की उरला तो नेट, खरा माल. जगात एवढे तीनच शब्द आहेत आणि बाकीची भाषा लोकांनी वेळ घालवायला काढली आहे, असं गुलाबरावांचं एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर ठाम मत झालं होतं.

काट्यावर त्यांचा नियम एकच. गाडी काट्यावर आली की गाडीतला माणूस खाली. "उतरो! सब नीचे उतरो!" ही आरोळी ऐकून ड्रायव्हर उतरत, क्लीनर उतरत, फुकट बसून आलेले मामा-भाचे उतरत. एकदा एका ड्रायव्हरनं केबिनमध्ये विसरलेली बिडीही त्यांनी उतरवून घेतली होती. केबिनमधला देवाचा फोटो तेवढा राहू देत, कारण देव रिकाम्या गाडीतही असतो आणि भरल्या गाडीतही, त्यानं नेटमध्ये फरक पडत नाही. एकदा एक बडे साहेब पावसात अडकले म्हणून ट्रकमध्ये बसून आले. गुलाबरावांनी त्यांनाही उतरवलं. गाडी पुढं गेली तरी साहेब काट्यावरच भिजत उभे राहिले आणि गुलाबरावांनी शांतपणे तेही वजन लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं तेव्हा आख्ख्या खात्याला वाटलं, गेला माणूस. साहेब म्हणाले, मी किती किलो भरलो? गुलाबराव म्हणाले, ब्याऐंशी, सर. भिजलेले.

घरीही तेच. गॅसचा सिलिंडर आला की आधी त्याला न्हाणीघरातल्या काट्यावर चढवत, म्हणून गॅसवाला सिलिंडर फाटकाबाहेर ठेवून पळत सुटे. लग्नात नवरदेव घोडीवरून उतरला की बायका "रुबाबदार आहे" म्हणत आणि गुलाबराव म्हणत, "ग्रॉस चांगला आहे. टेअर पाहा, टेअर. सूट काढल्यावर काय उरते?" आमच्या मुलाच्या बारशाला त्यांनी बाळ हातात घेतलं, जोखलं आणि म्हणाले, "हे तर ग्रॉस झालं. लंगोट काढा." लंगोट काढल्याबरोबर बाळानं त्यांचा सदरा भिजवला. तसं तर तसं, त्यांनी बाळ पुन्हा जोखलं आणि समाधानानं मान हलवली. "आता आला बराबर नेट."

काकू, म्हणजे कुंदाची आई, जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात दोघंच, गुलाबराव आणि कुंदा. दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि ते आम्हाला शेजारी असल्यामुळे रेडिओसारखं ऐकू यायचं. बंद पडलं की आम्हीच विचारायला जात असू, बरं आहे ना सगळं?

तर त्या वर्षी कुंदा बी. ए. झाली, इंग्रजी साहित्यात कॉलेजात पहिली आली, आणि तिच्या सरांनी सांगितलं की एम. ए. कर, पण इथं नाही, जबलपूरला कर. तिकडे वसतिगृह आहे, लायब्ररी मोठी आहे, तू पुढं जाशील. तिनं फॉर्म मागवला. फॉर्मवर पालकाची सही लागत होती आणि महिनाअखेरीच्या आत तो टपालात पडायला हवा होता.

गुलाबरावांचं म्हणणं साधं होतं. "टायपिंग शिक. प्लांटमध्ये लागून जाशीन. सायकलनं दहा मिनिटं."

"मला नाही टायपिंग करायचं. मला इंग्रजी आवडतं, बाबा."

"आवडते, हे कोणत्या खान्यात लिहू? खाना दाखव मले."

"हर चीज का खाना नहीं होता!"

"होते! ज्याचा खाना नसते ते गाडी गेटबाहेर जात नाही!"

शेवटी तोडगा निघाला तो असा. इंग्रजीच्या डिग्रीचा नेट काढायचा. अधिक आला तर सही, उणे आला तर टायपिंग. कुंदा कबूल झाली, कारण बापाला हिशोबात हरवू असं तिला वाटत होतं. महिना संपायला बारा दिवस होते.

पहिला मासा मीच. मी, मधुकर, एम. ए. इंग्रजी, तिसरा वर्ग, प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क. एका संध्याकाळी गुलाबराव काट्यावरचं एक जुनं कोरं रजिस्टर काखेत मारून आमच्या व्हरांड्यात बसले. वर छापलेले खाने तसेच होते. "गाडी नंबर" खोडून तिथं "नाव" केलं होतं, "माल" खोडून "डिगरी".

"पगार?"

मी सांगितला.

"हा झाला ग्रॉस. आता सांग, याच्यात इंग्रजीचा काय हात?"

"म्हणजे काका, मी लिहितो ना. माल आला की शेऱ्यात लिहितो, रिसीव्ह्ड इन गुड कंडिशन."

"हे तर तुह्या बाजूचा तो साहू बी लिहिते. तो मॅट्रिक आहे."

"तो स्पेलिंग चुकवतो."

"चुकवल्यावर माल परत जाते?"

"नाही."

"मंग तुले बराबर लिहिल्याचे पैसे जादा भेटतात?"

"नाही."

"मंग तुही डिगरी टेअरमध्ये." त्यांनी लिहिलं. "कावून केली बे तू?"

बायको चहा घेऊन आली होती, म्हणून मी खरं कारण सांगितलं नाही. खरं कारण असं होतं की कॉलेजात एक मुलगी इंग्रजीला होती. नंतर ती अर्थशास्त्राला गेली. माझ्या सबंध एम. ए.चा नेट काढला तर तो साहूपेक्षा एक स्पेलिंग जास्त, एवढाच निघाला, आणि ते स्पेलिंगही, गुलाबरावांनी जाता जाता दाखवून दिलं, मी गेल्या पावतीवर चुकवलं होतं.

पुढचा रविवार मोहन नगरला. माझी स्कूटर, मागे गुलाबराव, त्यांच्या मांडीवर रजिस्टर. कुंदाला जबलपूर सुचवणारे चौबे सर दुर्गला मोहन नगरात राहत. घरात शिरलो तर बसायला जागा नव्हती. खुर्च्यांवर पुस्तकं, पलंगावर पुस्तकं, आणि पुस्तकांवर एक मांजर.

"सर, महीने का कितना?" गुलाबरावांनी रजिस्टर उघडलं.

चौबे सरांनी डोळे मिटले. साहित्यानं माणसाची दृष्टी कशी बदलते, ते त्यांनी सांगायला घेतलं. वीस मिनिटं झाली. मांजर उठून गेलं. गुलाबराव पेन्सिल टेकवून बसले होते ती टेकवलेलीच.

"सर, दृष्टि ठीक है," ते शेवटी म्हणाले. "रुपये में?"

"पंद्रह सौ," आतून सरांच्या पत्नीचा आवाज आला. "और उसमें से तीन सौ की किताबें. हर महीने."

"किताब खर्चा नहीं है," सर डोळे न उघडता म्हणाले.

"तो फिर सब्ज़ी भी खर्चा नहीं है. आज से मत लाना."

गुलाबरावांनी तीनशे टेअरमध्ये घातले. उठताना चौबे सरांनी त्यांचा हात धरला. "धांडे जी, आपने कभी अपनी बेटी को पढ़ते हुए सुना है?"

"रोज़," गुलाबराव म्हणाले. "पूरा मोहल्ला सुनता है."

तिसरी नोंद मात्र हथखोजची, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली नसती तर मीही खोटी मानली असती. हथखोजला तेव्हा लहान लहान कारखाने उठत होते. तिथं एका नट-बोल्टच्या कारखान्यात एक एम. ए. इंग्रजी आहे, अशी खबर गुलाबरावांना कुणीतरी ट्रकवाल्यानं दिली होती. गेलो. दारातच एक खुर्ची, खुर्चीवर त्रिपाठी नावाचे एक उंच गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, समोर टेबल, टेबलावर काही नाही.

"ये क्या काम करते हैं?" गुलाबरावांनी शेठला विचारलं.

"अंग्रेज़ी बोलते हैं," शेठ म्हणाला.

"किससे?"

"जो आ जाए."

प्रकार असा होता. कोणी तक्रार घेऊन आलं, बोल्ट तुटला म्हणून, उशीर झाला म्हणून, की शेठ आत जाई आणि त्रिपाठी उठून उभे राहत. दहा मिनिटं इंग्रजी बोलत. तक्रारवाला आपलंच काहीतरी चुकलं असं समजून जाई. एकजण तर माफी मागून नवी ऑर्डर देऊन गेला होता. पगार नऊशे, वर दोन चहा.

"पहले मैंने कुत्ता रखा था," शेठनं मोकळेपणानं सांगितलं. "कुत्ता खाता ज़्यादा था."

"नमूना दिखाइए," गुलाबराव त्रिपाठींना म्हणाले.

त्रिपाठी उठले. शर्ट खेचला. आणि मग जे सुरू झालं ते मला, तिसऱ्या वर्गाला का होईना, एम. ए.ला, फक्त सुरुवातीला कळलं. नम्र होतं, लांबलचक होतं, आणि एकेका वाक्याला सात-सात खोल्या होत्या, माणूस शिरला की बाहेरचं दार सापडू नये. मला मध्येच जाणवलं की आपण मागं सरकतो आहोत. भान आलं तेव्हा मी आणि गुलाबराव फाटकाबाहेर रस्त्यावर उभे होतो आणि गुलाबराव दोन्ही हात जोडून "सॉरी, सॉरी" म्हणत होते.

"काय ताकद आहे लेका," स्कूटरवर बसता बसता ते म्हणाले. "सहा टनाची असंन." त्या दिवशी मला वाटलं, कुंदा जिंकली.

असे त्यांनी दहा दिवसांत मिळतील तेवढे इंग्रजीवाले तोलले. शिफ्ट सुटली की निघत. बाजारात कुणाच्या हातात इंग्रजी पेपर दिसला तरी थांबवून पगार विचारत. एक माणूस पेपरात मासे बांधून नेत होता, त्यालाही विचारला. सेक्टरात अशी वेळ आली की शिकलेली माणसं संध्याकाळी दिवे मालवून बसू लागली.

आणि अकराव्या दिवशी, सकाळी, निकाल. गुलाबरावांनी मला पंच म्हणून बोलावलं होतं. टेबलावर एका बाजूला रजिस्टर, एका बाजूला न भरलेला फॉर्म. कुंदा समोर हाताची घडी घालून उभी. तिचे डोळे सुजलेले होते, पण मान ताठ. दुसऱ्या दिवशी फॉर्म टपालात पडला नाही तर जबलपूर गेलं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

गुलाबरावांनी चष्मा लावला आणि काट्यावरच्या आवाजात वाचलं.

"कुंदा गुलाबराव धांडे. माल, एम. ए. इंग्रजी. ग्रॉस, नोकरी लागलीच तर महिना अकराशे. हा आकडा सगळ्यायच्या सरासरीचा आहे, मी माह्या मनचा नाही लावला. आता टेअर. दोन वर्षांचा खर्च हप्त्यानं, दोनशे. परगावी राहणं-खाणं, पाचशे. जाणं-येणं, शंभर. किरकोळ, नऊशे चाळीस. टेअर सतराशे चाळीस." त्यांनी चष्मा काढला. "नेट, उणे सहाशे चाळीस."

"एकोणीस वर्षं झाले मले," गुलाबराव म्हणाले, "अशी गाडी काट्यावर नाही आली. भरल्यावर हलकी होणारी."

कुंदानं हाताची घडी सोडली. मग बोलली. "किरकोळ नऊशे चाळीस?"

"किरकोळ म्हणजे किरकोळ."

"अकराशेच्या पगारात नऊशे चाळीस किरकोळ? इतना क्या किरकोळ होता है, बाबा?"

"असते. घरचा खर्च तुले काय माहीत?"

"घरचा खर्च मीच लिहिते सहा वर्षांपासून!" तिनं रजिस्टर ओढलं. "तपशील कुठं आहे? तुम्हीच म्हणता न, तपशिलाशिवाय आकडा म्हणजे थाप?"

"कुंदे, ठेव ते खाली! आफिसचा कागद आहे!"

पण तिला बापाची सवय माहीत होती. पाटीच्या मागच्या बाजूला पाढे लिहावेत तसा हा माणूस तपशील नेहमी शेवटच्या पानावर मागून लिहायचा. तिनं रजिस्टर उलटं केलं आणि भांडायच्या त्याच तारेत वाचायला लागली.

"सेकंड शिफ्टहून आल्यावर आतून दार उघडणे, तीनशे. डब्यात पोळ्या किती देऊ हे विचारणे, शंभर. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या मराठीत सांगणे, दीडशे. चष्मा शोधून देणे, ऐंशी. भांडण, रोज एक, दर दोन रुपये, महिन्याचे..." इथं तिची तार जरा ढिली झाली. "महिन्याचे साठ."

ती थांबली. खाली एक ओळ उरली होती. तिनं ती वाचली नाही. रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. मी पाहिलं. पेन्सिलीनं, इतर ओळींपेक्षा बारीक अक्षरात लिहिलं होतं: घरात आवाज, अडीचशे.

बेरीज बरोबर होती. मी पंच असल्यामुळे दोनदा करून पाहिली.

गुलाबराव खिडकीकडं तोंड करून उभे होते आणि खिडकीच्या गजावरची धूळ बोटानं पुसत होते. "दर बाजारभावानं लावले आहे," ते म्हणाले. "जास्त नाही लावले. दार उघडाले माणूस ठेवला तर तीनशाच्या खाली येत नाही कोणी. मी विचारलं."

"कोणाला विचारलं?"

"विचारलं दोघाचौघाले."

भिलाईत कुणालातरी थांबवून या माणसानं विचारलं असणार, की रात्री आमच्या घराचं दार आतून उघडायला काय घेशील. आणि त्या माणसाला काय वाटलं असेल, हे माझ्या मनात आलं आणि हसू यायच्या ऐवजी मी पंख्याकडं बघत राहिलो.

कुंदानं डोळे पुसले. मग ती खुर्चीत बसली, अगदी शांतपणे बसली. इतकी शांत ती त्या घरात कधी बोलली असेल असं मला वाटत नाही.

"बाबा, काट्यावर गाडी आली का तुम्ही काय करता पहिले?"

"काय करतो?"

"सांगा न."

"उतरवतो सगळ्यायले."

"कावून?"

"कावून म्हणजे? गाडीत माणूस बसला असंन तर मालाचं वजन खोटं येते."

"मंग?" ती म्हणाली. "तुम्ही बसूनच आहे न या गाडीत."

गुलाबराव वळले. एकोणीस वर्षांत त्यांनी साहेब उतरवले, मामा-भाचे उतरवले, बिड्या उतरवल्या. स्वतःला उतरवायचं राहून गेलं, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा तो माणूस खरोखर शरमला. मुलीपुढं नव्हे. काट्यापुढं शरमला. कानापर्यंत लाल झाला.

टेबलाजवळ आले. पेन्सिल घेतली. किरकोळवर आडवी रेघ मारली, पट्टी लावून मारली. नऊशे चाळीस खोडले. खाली नवं गणित केलं. टेअर आठशे. नेट, अधिक तीनशे.

"तीनशे," ते म्हणाले. "काही फार नाही. पण अधिक आहे."

फॉर्म ओढला आणि दिवसाला दोनशे चलनांवर करायचे तशीच झपाट्यानं सही ठोकली. मग त्या सहीकडं पाहत राहिले. "जबलपूर," ते म्हणाले, "गोंदियाले उतरून नॅरोगेजची छोटी गाडी धरा लागते न?"

"हो."

"रातभर जाते ते छोटी गाडी?"

"दिवसाची पण आहे, बाबा."

"दिवसाचीच धरजो."

जुलैत ती गेली. दुर्ग स्टेशनावर आम्ही तिघं सकाळीच पोचलो. गुलाबरावांनी डब्यात शिरून तिच्या आसपास बसलेल्या सगळ्यांची नावं, गावं आणि उतरायची स्टेशनं विचारून घेतली. एक म्हातारा झोपला होता, त्याला उठवून विचारलं. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चालायला लागले.

"गोंदियाले उतरजो! झोपू नको! गोंदिया!"

"हो बाबा!"

"गोंदिया आलं का उतरजो!"

त्या आवाजानं डब्यातले नागपूरला जाणारे चार लोकही घाबरून सामान काढायला लागलेले मी पाहिले. माझी पक्की खात्री आहे की त्या दिवशी निम्मी गाडी गोंदियालाच रिकामी झाली असणार. कुंदाचा हात बराच वेळ दिसत होता. मग तो हात तिचा की दुसऱ्या कुणाचा, ते कळेना. गुलाबराव तरी तिकडंच पाहत होते.

फलाट मोकळा झाला. आम्ही जिना चढून, उतरून बाहेर आलो. माझ्या बायकोनं निघतानाच बजावलं होतं की काकांना सरळ आपल्याकडं घेऊन या, त्यांच्या आवडीचं वरण-भात-वांग्याची भाजी केली आहे, आणि आजच नाही, रोजच येत जा म्हणावं. मी स्कूटर काढता काढता सगळं सांगितलं.

गुलाबराव मागच्या सीटवर बसले. म्हणाले, "आज नाही. कुंदा भाजी करून गेली. दोन दिवस पुरते."